गाडीचा पत्रा जोडायला पहिलं वेल्डिंग मशीन घेताय? आधी सगळ्यात छोटा आकडा बघा

दाराच्या खालच्या कडेला पेंट फुगलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने टोचलं की तो आरपार जातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली सेकंडहँड गाडी सोलापुरात आणली की बऱ्याचदा हेच दिसतं. गंजलेला पत्रा कापायचा आणि नवा तुकडा जोडायचा, एवढाच उपाय उरतो.

डेंटिंगचं छोटं गॅरेज टाकणारा पोरगा असो नाहीतर घरी जुनी गाडी दुरुस्त करणारा हौशी माणूस, दोघांचा प्रश्न एकच. पहिलं मशीन कुठलं घ्यायचं?

दुकानात २०० अँपिअर, २५० अँपिअर असे आकडे ऐकवले जातात. ग्रिल आणि गेटच्या कामाला ते ठीक आहेत. गाडीचं गणित मात्र उलटं आहे.

पत्रा किती जाड असतो?

गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो. ग्रिलवाल्यांकडचं रॉडचं साधं आर्क मशीन २.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर करंट देतं. एवढ्या करंटला हा पत्रा टिकत नाही, सरळ भोक पडतं. गॅस वेल्डिंगने जोड होतो, पण उष्णता लांबपर्यंत पसरते आणि सपाट पत्रा वेडावाकडा होतो. टिगचं काम देखणं असतं, पण ते हळू चालतं, पत्रा अगदी स्वच्छ लागतो आणि हात बसायला वेळ जातो.

म्हणून बॉडीच्या कामासाठी पहिलं मशीन मिग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘सीओटू’.

मशीनवर काय बघायचं?

पहिली गोष्ट किमान अँपिअर. मशीन ३० अँपिअरच्या आसपास उतरून स्थिर चालतं का, हे विचारा. वरचा आकडा १५० असला तरी पत्र्याला पुष्कळ झाला.

दुसरी गोष्ट वायर. ०.६ आणि ०.८ मिलिमीटर, दोन्हीचे रोलर मिळायला हवेत.

तिसरी गोष्ट गॅस. बिनगॅसची वायर सिलिंडरचा खर्च वाचवते, पण ती जास्त तापते आणि ठिणग्याही जास्त उडवते. पातळ पत्र्याला गॅसच बरा. शुद्ध सीओटू स्वस्त पडतो, आर्गॉन मिसळलेल्या गॅसने काम जास्त साफ होतं. सिलिंडर आणि रेग्युलेटरचा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच बजेट करा.

चौथी गोष्ट ड्युटी सायकल. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं काम, ४ मिनिटं विश्रांती. हा आकडा साधारणपणे ४० अंश तापमान गृहीत धरून दिलेला असतो. सोलापुरात मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो, त्यात पत्र्याची शेड. मशीन लवकर बंद पडेल, हे धरून चाला. आणि गरम होतंय म्हणून जोडावर पंखा लावू नका. गॅस उडून जातो आणि वेल्डला बारीक छिद्रं पडतात.

पाचवी गोष्ट वीज. घरचं कनेक्शन सिंगल फेज असतं. ६ अँपिअरच्या सॉकेटवर मशीन लावू नका. १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग वायरमनकडून करून घ्या.

मशीन आलं, आता?

सलग रेघ ओढू नका. लांब-लांब ठिपके मारा, मध्ये पत्रा थंड होऊ द्या. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोल टाकी, सीएनजी सिलिंडर किंवा त्यांच्या पाइपजवळ वेल्डिंग करू नका. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो जोडाजवळ घासून काढा, त्याचा धूर फुप्फुसाला वाईट. साध्या काळ्या गॉगलवर भागवू नका, वेल्डिंगचं हेल्मेटच लागतं.

दोन दारांमधल्या खांबाला तर नवशिक्याने हातच लावू नये. नव्या गाड्यांत तिथे बऱ्याचदा जास्त मजबूत पोलाद असतं. ते तापलं की कमजोर होतं, आणि अपघातात माणसाला वाचवणारा भाग तोच असतो.

शिकायचंच असेल तर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स आहे. आणि मशीन घ्यायला जाताना भंगारातून जुन्या दाराचे दोन तुकडे बरोबर न्या. दुकानदाराला म्हणा, हे भोक न पाडता जोडून दाखवा. जमलं तरच पैसे काढा.