झाड न तोडता त्याचे वजन

पारनेरच्या माळावर आम्ही हिवराला टेप गुंडाळू लागलो की एखादा मेंढपाळ हटकतोच, "मास्तर, तोडणार का झाडं?" तोडायची नाहीत म्हणूनच मोजतोय, असे सांगितले की त्याचा पुढचा प्रश्न असतो, "मग वजन कसं कळायचं?" वनस्पतिशास्त्राच्या वर्गात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल.

जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीइतक्या उंचीवर, खोडाचा घेर घ्यायचा. उतार असेल तर चढाच्या बाजूने. घेराला 3.14 ने भागले की व्यास मिळतो. शिवाय उंची आणि लाकडाची घनता लागते. या तिन्हींवरून वजन काढण्याचे सूत्र जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडले. त्यामागे उष्ण प्रदेशातल्या 58 ठिकाणची, खरोखर तोडून तोललेली 4,004 झाडे आहेत. ती पडली म्हणून आपला हिवर उभा राहू शकतो.

63 सेंटीमीटर घेराचा, 6 मीटर उंच हिवर घेऊ. व्यास 20 सेंटीमीटर. घनता 0.75 धरली तर जमिनीवरच्या भागाचे, पाणी पूर्ण वजा जाता, वजन येते सुमारे 101 किलो. एवढ्याच मापाच्या पांगाऱ्याचे, घनता 0.3 धरून, जेमतेम 41. कोरड्या मुलुखातली झाडे बुटकी आणि वाकडी खरी, पण हिवर, खैर, धावडा यांचे लाकूड चिवट आणि जड असते. नुसता आकार पाहून त्यांना मोडीत काढणारा इथेच फसतो.

मुळांचा हिशोब तर वेगळाच. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या 2006 च्या मार्गदर्शिकेनुसार, कोरड्या उष्ण प्रदेशातल्या वनात जमिनीवरचा जैवभार हेक्टरी 20 टनांपेक्षा कमी असेल तर मुळांसाठी त्याच्या 56 टक्के धरायचे. म्हणजे आपल्या हिवराची आणखी 57 किलो. एकूण 158. त्यातला 47 टक्के, म्हणजे 74 किलो, कार्बन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत 272 किलो.

खरी कसोटी फुटव्यांची. गुडघ्याएवढ्या उंचीवरच फुटलेल्या बोरीला प्रत्येकी 6 सेंटीमीटर व्यासाच्या पाच खोडांचा झुबका असतो. पोरे सरळ बेरीज करून 30 लिहितात. बरोबर रीत अशी की प्रत्येक व्यासाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज घ्यायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. उत्तर येते 13.4. उंची तीच ठेवून पाहिले तर दोन उत्तरांतून निघणाऱ्या वजनांत जवळपास पाचपट फरक पडतो! आकडीने डहाळे ओढून बोडके केलेले झाड किंवा वाळवीने आतून पोखरलेले खोड सूत्राला दिसत नाही. ती नोंद माणसानेच करायची.

आता वरूनही पाहता येते. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार उपग्रहाची रडार हेक्टरी 100 टनांच्या आतल्या जैवभारासाठी उपयोगी आहे, म्हणजे आपल्यासारख्या विरळ रानांना सोयीची. तरी तिचे आकडे ताडून पाहायला जमिनीवरचा टेप लागणारच.

माझे म्हणणे एवढेच आहे: भारतीय वन सर्वेक्षणाच्या वर्गवारीत 10 टक्क्यांहून कमी छत्र असलेली वनजमीन झुडपी ठरते आणि मग ती रिकामी समजून तिथे रोपांची योजना आणली जाते. या रानात दाट जंगलाइतका कार्बन नाही, तसा आव आणू नये. पण जो आहे तो उभा आहे, मुळांसकट. कागदावरच्या रोपांसारखा जगण्याच्या आशेवर नाही. तुमच्या गावच्या माळावर खड्डे खणायला कुणी आले तर ग्रामसभेत एवढे जरूर विचारा, की आधीच उभ्या असलेल्या झाडांचे घेर कुठल्या वहीत लिहिले आहेत, आणि ती वही पाहायला मागा.