ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला का ओढते?

मिसरोद व आसपासच्या वसाहतींतील आपल्या बऱ्याच कुटुंबांकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली गाडी आजही रोजच्या वापरात आहे. मुलांना शाळेत सोडायचे आणि तसेच पुढे मंडीदीपला कामावर जायचे, हा अनेकांचा नेम. जुनी गाडी वापरण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु नर्मदापुरम मार्गावर (जुन्या होशंगाबाद रोडवर) ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढली गेली तर शेजारून ट्रक जात असतो आणि डावीकडे गेली तर तिथे दुचाकीवाले व पायी चालणारे असतात. पावसात ओल्या रस्त्यावर हा धोका आणखी वाढतो. म्हणून या दोषाची कारणे व तो ओळखण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

प्रथम थोडे विज्ञान. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईलवर दाब येतो व तो नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. पुढच्या चाकाजवळील कॅलिपरमध्ये एक पिस्टन असतो. तो ब्रेक पॅडला फिरत्या डिस्कवर दाबतो व चाक थांबू लागते. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबविण्याचे बरेचसे काम पुढची दोन चाकेच करतात.

आता विचार करा. मास्टर सिलिंडरने दिलेला दाब डाव्या-उजव्या चाकांना सारखाच असतो. तरीही गाडी एकीकडे ओढत असेल, तर दोष बहुधा दोन्ही बाजूंना फाटा फुटल्यानंतरच्या भागात असतो, म्हणजे रबरी होज पाइप, कॅलिपर, पॅड किंवा डिस्क यांत. म्हणून डावी व उजवी बाजू ताडून पाहणे, हीच या निदानाची गुरुकिल्ली होय.

ब्रेकला हात लावण्यापूर्वी दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी. मग सपाट, मोकळ्या मैदानात ब्रेक न दाबता गाडी सरळ चालवावी. आपले रस्ते कडेला उतरते असल्याने रस्त्यावर गाडी थोडी डावीकडे जाणारच, म्हणून मैदान बरे. ब्रेकशिवायही गाडी वळत असेल, तर व्हील अलाइनमेंट किंवा टायर पाहावेत. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर ताशी २५-३० किलोमीटर वेगाने, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ही चाचणी पुन्हा करावी.

येथे अनेकांची गल्लत होते. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक बिघडला, असे समजले जाते. वस्तुतः ज्या चाकाचा ब्रेक जास्त लागतो, त्या बाजूला गाडी जाते. म्हणजे डावा ब्रेक ठीक असून उजवाच नीट लागत नसेल, असेही होऊ शकते. दोहोंतील फरक उष्णतेवरून कळतो. काही किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबवावी व दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहावे. डिस्कला स्पर्श मुळीच करू नये, भाजते. एक चाक फारच तापले असेल, तर तेथील ब्रेक सुटत नाही. एक चाक थंडच राहिले असेल, तर तेथील ब्रेक लागत नाही.

पुढचे काम मिस्त्रीकडून करवावे. गाडी जॅकवर घेऊन खाली पक्के स्टँड लावावेत व चाक हाताने फिरवावे. पेडल सोडल्यावरही चाक अडकून राहत असेल, तर कॅलिपरचा ब्लीडर निपल किंचित सैल करावा. ऑईलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर आत दाब कोंडला होता. असे एकाच चाकाला होत असेल, तर बहुधा होज पाइप आतून फुगला आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण ऑईल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. निपल सैल करूनही चाक सुटले नाही, तर पिस्टन गंजून जॅम झाला आहे किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत. अशा सरकत्या कॅलिपरमध्ये आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल, तर पिनांचा संशय घ्यावा. एखाद्या पॅडवर ऑईल किंवा ग्रीस लागले असेल, तर तो ब्रेक कमी-जास्त लागतो. असा पॅड पुसून वापरू नये, बदलावा.

अ‍ॅम्बॅसेडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या जुन्या मॉडेलांना पुढेही ड्रम ब्रेक असत. ड्रममध्ये फिरत्या चाकाच्या ओढीने ब्रेक शू आणखी घट्ट बसतो, त्यामुळे दोन बाजूंतील लहानसा फरकही मोठा होतो. म्हणून तेथे दोन्ही बाजूंचे सेटिंग सारखे ठेवावे लागे. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली.

दुरुस्तीत काही पथ्ये पाळावीत. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. काम करताना कॅलिपर होज पाइपवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, साध्या ग्रीसने रबर फुगते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. शिवाय त्या ओलाव्यानेच पिस्टन गंजतो. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. दोन तपासण्यांमधील काळात लक्ष ठेवणे मालकाच्याच हाती असते. मिस्त्रीने नवे सामान सुचविल्यास पालकांनी एवढेच विचारावे : "दोष कोणत्या चाकात आहे आणि तो कशावरून ठरविला?" याचे नीट उत्तर मिळाले, तर कित्येकदा पिना साफ करण्यावर काम भागते व नव्या कॅलिपरचा खर्च वाचतो.

मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनच्या चालकांनाही पावसाळ्यापूर्वी हाच प्रश्न विचारला जावा, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ब्रेक दाबताना बाबांना किंवा आईला स्टेअरिंग एका बाजूला धरून ठेवावे लागते असे दिसले, तर घरी अवश्य सांगा.