घाटातली विलंबित लय

गेल्या श्रावणात अकोल्याच्या आमच्या आत्याबाई माहेरपणाला इंदुरास आल्या आणि येताच त्यांनी एक हट्ट धरला. "पातालपानीचा घाट मला एकदा दाखवून आणा." वय ऐंशीच्या घरातले, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ हिरावून घेतलेली. त्यामुळे 'दाखवा' हा शब्द ऐकून घरातली मुले क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिली. आम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी चौकशीला लागलो.

या हट्टामागचे कारण आम्हांस ठाऊक होते. १९६५ साली आत्याबाई लग्न होऊन अकोल्यास गेल्या त्या याच घाटाने उतरून. पुढे दर श्रावणात माहेरी यायच्या त्या हाच घाट चढून. अकोला, खंडवा, महू, इंदूर अशी ती मीटरगेजची वाट होती. हैदराबादेकडील आमच्या वाचकांनाही ती परिचयाची असेल, कारण काचीगुडा ते जयपूर धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने जात असे.

ही वाट होळकरांच्या पैशाने झाली. १८७० साली तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले; व्याज साडेचार टक्के आणि मुदत एकशे एक वर्षे! नर्मदेवरचा पूल १८७६ साली खुला झाला. खरी कसोटी पुढे होती. निमाडच्या सखल भूमीवरून माळव्याच्या पठारावर चढायचे, तर विंध्याचा कडा आडवा उभा. कालाकुंड ते पातालपानी हा जेमतेम दहा किलोमीटरांचा तुकडा, पण चाळीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे, असा त्याचा चढ. रेल्वेच्या हिशेबात हा चढ फारच खडा. त्यामुळे गाडी येथे धावू शकत नाही. तिला चालावेच लागते.

या चालण्यातच घाटाचे सारे सौंदर्य आहे, असे आम्हांस वाटते. एरवी वेगाच्या गाडीतून आपण पाहतो ते दूरचे. क्षितिजावरची टेकडी तेवढी स्थिर उभी राहते; रुळांजवळचे झाड, झुडूप, दगड यांच्या नुसत्या रेघा होतात. घाटात जवळचेही दिसू लागते. कापलेल्या कातळातून झिरपणारे पाणी, त्याच्या फटीत रुजलेले नेचे, भिजून काळवंडलेले सागाचे खोड, पळसाच्या रुंद पानावर साचलेले थेंब, हे सारे खिडकीच्या चौकटीत येते, थोडे थांबते आणि मग निघून जाते. वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. पाहणारा आपणच त्या चित्रात असल्याचा आनंद मुलांना त्या वेळी किती होतो, हे आईबापांना सांगायला नको. चोरल नदी कधी उजेडात येते, कधी झाडीत हरवते. मध्येच बोगदा येऊन सारे चित्र पुसून टाकतो आणि त्यापलीकडे हिरव्या रंगाची नवी छटा उघडतो.

इंदूरच्या मातीला हे पाहणे नवे नाही. देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले. बेंद्रे यांचा हात तर आरंभापासून निसर्गचित्रावर बसलेला. उस्ताद अमीर खाँ यांनी याच गावाचे नाव आपल्या गायकीला दिले. त्यांची अतिविलंबित लय प्रसिद्धच आहे. एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना ते ऐकणाऱ्याला मधल्या वाटेवर थांबू देत. घाट चढणारी गाडी आम्हांस नेहमी त्या गायकीची आठवण करून देते.

पातालपानीस आम्ही गाडीत बसलो. रुळांजवळच टंट्या भिलाचे ठिकाण आहे. १८८९ साली जबलपुरास त्यास फाशी झाली. त्याचे शव येथे आणले गेले, असे लोक सांगतात. गाडीने येथे थांबून मानवंदना द्यावी, ही जुनी रीत. पुढे धबधब्यापाशी गाडी थांबली. मुले खिडक्यांना चिकटली. दरीतून येणाऱ्या तुषारांचा ओलावा चेहऱ्यावर येताच आत्याबाईंनी पदर सावरला. उतरताना त्या फारशा बोलल्या नाहीत. "ही सासरची दिशा," एवढेच म्हणाल्या.

कालाकुंडास पूर्वी चढणाऱ्या गाडीला मागून आणखी एक इंजिन लावीत. त्या थांब्यात पळसाच्या पानावर कलाकंद घेण्याची प्रथा पडली, आणि त्या छोट्या स्थानकाचे नाव दूरवर गोड झाले. आम्हीही तो घेतला. आत्याबाईंनी मिठाईच्या आधी पानाचा वास घेतला.

परतीचा चढ सुरू झाला आणि त्यांची वाचा उघडली. "पूर्वी पुढचं इंजिन शिटी देई, मागचं उत्तर देई. मग आम्ही पोरीबाळी डबा सावरून बसायच्या." पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो, कातळाच्या खिंडीत तो अंगाशी येतो, बोगद्यात डोक्यावर आदळतो, प्रत्येक बदलाबरोबर त्या सांगत गेल्या. बोगदे चार. एकही त्यांनी चुकविला नाही. आमच्या धाकट्याने डोळे मिटून त्यांच्याबरोबर मोजायला सुरुवात केली. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडताच आत्याबाई म्हणाल्या, "बघ, वारा बदलला. हा माळव्याचा." वारा खरोखरच बदलला होता, इतक्या वर्षांत आम्हांस तो कधी जाणवला नव्हता.

अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या आरंभी बंद झाली. महूकडून ओंकारेश्वरकडे जाणारी गाडी २०२३ च्या आरंभी थांबली. नव्या ब्रॉडगेजची आखणी हा घाट टाळून केलेली आहे. तिच्याबद्दल तक्रार करणे योग्य नव्हे. आजारी माणसाला, परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला वेगाचीच गाडी हवी. परंतु माहेरची ती वाट आता अखंड उरली नाही. उरला आहे तो हा घाटाचा तुकडा. २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर मोठ्या काचांच्या डब्यांची वारसा गाडी सुरू झाली. ती विशेषतः पावसाळ्यात चालविली जाते. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

आणि जाताना घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे, ही आमची वाचकांना विनंती आहे. मुलांना खिडकीची जागा द्यावी आणि त्यांच्याशेजारी या वडीलधाऱ्यांना बसवावे. आमच्या धाकट्याने घरी येऊन घाटाचे चित्र काढले. त्यात दरी आहे, गाडी आहे, चार बोगदे आहेत. शेवटच्या बोगद्यापुढे त्याने काही निळ्या रेघा ओढल्या आहेत. ही नदी का, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नाही, हा आत्याआजीचा वारा."