वुजू करताना तळवाही पाहा

पतीचा मेलॅनोमा आटोक्यात आला, असे डॉक्टरांनी सांगितले की साताऱ्या-सांगलीकडच्या घरातही आधी अल्लाहचे शुक्र अदा होते. पाहुणे दुआ देऊन परततात, मिरज-कराडच्या फेऱ्या कमी होतात. मनातली धास्ती मात्र जात नाही. बायकोला काळजी नको म्हणून तो बोलत नाही. त्याला त्रास नको म्हणून ती विचारत नाही.

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याला झाला. १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

हा आजार उलटू शकतो, म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये. वुजूत पाय धुताना बोटांच्या फटी आणि तळवा न्याहाळावा. पाठ स्वतःला दिसत नाही. महिन्यातून एकदा ती जोडीदाराने पाहावी. नवा काळा डाग, वाढता तीळ, न भरणारी जखम किंवा जांघेत, काखेत गाठ आढळली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

पाहता पाहता बोलणेही होते. भीती दोघांत वाटली की हलकी होते.