सांगलीची होडी, पुण्याचे वल्हे

आमच्या घरात पाण्याला उतरण्याची बंदी होती. बंदी आईची. तिचे माहेर साताऱ्याजवळ संगम माहुलीचे, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथले. नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीचे प्रेम असते तसाच धाकही असतो. कृष्णामाईला ओटी भरणारी माझी आई आम्ही पोरे घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली गेलो की कान धरून वर ओढीत असे. आमची बदली सांगलीला झाली आणि वडिलांनी बिऱ्हाड घेतले ते नेमके गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून तर ती बंदी फारच कडक झाली.

पण सांगलीत राहायचे आणि होड्यांच्या शर्यती पाहायच्या नाहीत, हे कसे जमावे? पावसाळ्यात नदी दोन्ही काठ धरून वाहू लागली की सांगलवाडी, कसबे डिग्रज, समडोळी अशा गावांचे वल्हेकरी आपापल्या होड्या घेऊन उतरत. आयर्विन पुलाचे कठडे माणसांनी भरून जात. आज तुम्ही गेलात तरी हेच दृश्य दिसेल. फरक इतकाच की आता पोरांच्या हातात मोबाईल असतात आणि जिंकणाऱ्या गावात गुलाल उधळला जातो तो लगेच जगभर पोचतो. हे क्लब नावाला 'बोट क्लब' म्हणवतात, पण त्यांचे मूळ साहेबात नाही. हा पूल झाला 1929 साली, आणि त्याला नाव मिळाले व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचे. त्याआधी भरल्या नदीतून सांगलवाडीला जायचे तर नावेवाचून मार्ग नव्हता. पूल आला, नावेची गरज संपली, आणि गरज संपली तरी ईर्षा उरली. गावागावांतली ती ईर्षा म्हणजेच या शर्यती, असे मला वाटते.

साहेबाचा क्लब मला पुढे पुण्यात भेटला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली होडीशर्यत 1829 ची. तिथून हा षौक इकडे आला. कलकत्ता रोइंग क्लब 1858 चा, मद्रासचा 1867 चा, आणि पुण्याचा, ज्याला पुढे रॉयल कॅनॉट हे नाव लागले, तो 1868 चा. साहेबलोक संध्याकाळी मुळा-मुठेत वल्ही मारायचे आणि मग क्लबात बसून जे काय करायचे ते करायचे. आपल्या मुलांसाठी खरे दार उघडले ते 1928 साली, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बोट क्लब निघाला तेव्हा. कॉलेज 1854 चे, विश्वेश्वरय्यांसारखे विद्यार्थी घडवणारे, आणि वसलेले संगमाजवळ. नदी दाराशी असताना त्यांना क्लब काढायला चौऱ्याहत्तर वर्षे का लागली, हे कोडेच आहे.

मी 1962 साली तिथे दाखल झालो. आदल्याच वर्षीच्या जुलैत पानशेतचे धरण फुटून पुणे वाहून गेले होते. स्टेशनवर पोचवायला आलेल्या आईने गाडी सुटेपर्यंत एकच घोष लावला होता, "नदीकडे फिरकू नकोस." मी मान हलवली. पंधरा दिवसांत क्लबात नाव घातले आणि घरी पत्र लिहिले, 'येथे सकाळी व्यायामाची सोय उत्तम आहे.'

शेल म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो. पात्यासारखी लांब, चिंचोळी होडी. रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी. बैठक चाकांवर मागेपुढे सरकते, म्हणजे जोर केवळ हातांचा नसून खरा पायांचा. वल्ह्याचे पाते पाण्यात चुकीच्या कोनात शिरले की पाणी ते घट्ट धरून ठेवते आणि दांडा उलटा पोटात बसतो. याला इंग्रज 'खेकडा पकडणे' म्हणतात. पहिल्या महिन्यात मी इतके खेकडे पकडले की कोळणीला लाज वाटावी. आणि सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे वल्हवणारे सगळे पाठमोरे! होडी जाते पाठीच्या दिशेने, आणि पुढचे दिसते ते फक्त सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये रेगाटा होता. माझ्या मामांना कुठूनशी बातमी लागली आणि ते आईला घेऊनच पुण्यात उतरले! काठावर हजारो माणसे, बँड, दिवे. आणि त्या गर्दीत नऊवारी सावरून, मुठी आवळून बसलेली माझी आई. मला ती दिसली आणि पहिल्याच फटक्याला खेकडा! आमची होडी शेवटून दुसरी आली. काठावर आलो तो पाय लटपटत होते, ते दमाने की भीतीने हे सांगता येणार नाही. आई रागावली नाही. बराच वेळ नुसते बघत राहिली. मग म्हणाली,

"उलटे बसून कशाला रे वल्हवता? कुठे चाललो ते दिसायला नको?"

"कॉक्सला दिसते ना, आई."

"आणि तो चुकला म्हणजे?"

याला उत्तर नव्हते. त्या रात्री तिने मला पत्राबद्दल एक शब्द विचारला नाही. पुढे वर्षभर मात्र तिच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ एकच असे: 'कॉक्सला सांभाळून राहायला सांग.'

होडी हा सगळ्यांचाच खेळ नसतो. कोयनेचे धरण झाले आणि शिवसागराच्या पाण्याने जावळीच्या खोऱ्यातली गावे एकमेकांपासून तोडली. तापोळा-बामणोलीकडे गेलात तर लाँच ही तिथली एसटी आहे हे कळेल. 2022 च्या जानेवारीत खिरखिंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवून शाळेला जातात ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात, 1842 साली बांधलेल्या, आपण मक्याची कणसे खात तासाच्या भाड्याने होडी फिरवतो. तेच पाणी आणि तेच वल्हे, पण या पोरींना परवडणारी चैन नव्हे ती. आणि तळेगाव रोहीसारख्या कोरड्या गावातला दत्तू भोकनळ! बापाबरोबर विहिरी खोदणारा मुलगा फौजेत गेला, पुण्याच्या छावणीत वल्हे हाती घेतले आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. 2018 च्या एशियाडमध्ये चौघांच्या सुवर्णपदकात वाटेकरी झाला. नाशिक जिल्ह्यातला हा मुलगा एवढे वल्हवतो, तर नदीकाठच्या आमच्या पोरांना कोणी नीट शेल का देत नाही, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात छळतो.

2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या वेळी पाणी 57 च्या पुढे गेले. आमच्या गावभागातल्या घराचा तळमजला बुडाला. मी आणि माझी बायको दोन रात्री माडीवर मेणबत्तीच्या उजेडात बसून होतो. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि किती तरी जण गेले. ते कळले तेव्हा बायको म्हणाली, "मी होडीत बसायची नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखाली हाक आली. चार पोरे होती, शर्यतीत वल्हवणारी. मी सवयीने होडीच्या कडेला टेकू गेलो तो पुढचा पोरगा ओरडला, "आजोबा, मधे! मधेच बसा, हालू नका!" साठ वर्षांपूर्वी वल्हवलेल्या माणसाला हे सांगावे लागावे! मी गुमान मधे बसलो. बायकोने डबा, औषधे आणि देव मांडीवर घेतले. पोराचे स्वतःचे घर सांगलवाडीत पाण्याखाली होते, हे काठाला उतरल्यावर कळले. त्याचे पैसे देऊ केले तर घेईना. चहा मात्र घेतला.

माझी नात आता त्याच कॉलेजात आहे. नदीत सांडपाणी आहे, जलपर्णी आहे, तरी रेगाटा होतो; शेवटी मशाली पेटवून शेलांचा बाण रचतात तो पाहण्यासारखा. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "आजोबा, मला कॉक्स केले!"

मी तिला पणजीची पत्रे फोनवर वाचून दाखवली. ती हसली, मग थोडी गप्प झाली, आणि म्हणाली, "त्यातले एक मला पाठवाल?"