देगीखालचे लाकूड

गेल्या हिवाळ्यात घरातल्या वलिम्यासाठी लाकूड घ्यायला आम्ही वखारीत गेलो. सहा देगा शिजवायच्या होत्या. ढिगात बाभूळ होती, लिंब होता, सालीतला ओलावाही गेला नव्हता. सगळा माल बांधावरचा. सागाचा एक ओंडका नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत. स्वतःच्या शेतातलेही ते तोडायला परवानगी लागते. बाभूळ आणि लिंब त्या यादीत नाहीत, म्हणून आधी तेच जातात.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाची एक तृतीयांश जमीन झाडांखाली असावी असे ठरवले. महाराष्ट्र साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यात मराठवाडा सर्वांत मागे. कळमनुरी, औंढ्याकडचे साग-पळसाचे पट्टे सोडले तर हिंगोलीकरांचे जंगल म्हणजे बांधच. त्यावर आपली हळदही शिजते. कढई जाऊन बॉयलर आला, पण भट्टीत लाकूडच लागते; तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या पुरत नाहीत.

त्या दिवशी आचाऱ्याने पामतेलाचे डबे मागवले. तेव्हा आमच्या लक्षात आले की देगीच्या खालीही जंगल जळते आणि आतही. पामतेल आयात करण्यात आपला देश जगात पहिला. ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. सुमात्रा, बोर्निओमधली बारमाही पावसाची घनदाट जंगले तोडून तिथे तेलताडाचे मळे उभे राहिले. ओरांगउटान जगात फक्त याच दोन बेटांवर उरले आहेत. इंडोनेशिया म्हणजे जगातला सर्वाधिक मुस्लिम लोकवस्तीचा देश. तिथले जंगल कोणासाठी तुटते याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. स्वस्त डबा मिळाला की आपण खूश.

आमच्या बांधावर अब्बांनी लावलेले तीन लिंब आहेत. झाडाचे पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, ही हदीस ते रोपाला पाणी घालताना सांगायचे. लाकडाचा व्यापारी यंदा दोनदा येऊन गेला. भावही बरा देतो, आणि शव्वालमध्ये घरात पुन्हा निकाह आहे, पैसा लागणारच. तूर्त आम्ही नाही म्हटले आहे. देगा गॅसच्या भट्टीवर चढवू आणि तेल सोयाबीनचे घेऊ, असेही ठरले. आचारी तयार आहे. मामूंना मात्र अजून पटलेले नाही. लाकडाच्या आचेशिवाय पुलावाला दम येत नाही म्हणतात.