जुना हार्वेस्टर घेताना (लेखांक सातवा): पट्टा, खार आणि हंगामाचे तास

या लेखांकात जुन्या हार्वेस्टरची कागदपत्रे, म्हणजे नोंदणी, बँकेचा बोजा आणि अनुदानाच्या अटी, तपासण्याचे योजले होते. परंतु मळणीच्या ड्रमविषयीचा गेला लेखांक वाचून बोईसरजवळच्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न असा आहे की, त्याचा निकाल लागल्यावाचून कागदपत्रांकडे वळण्यात अर्थ नाही. वाचकाची भातशेती खाजणालगत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीलगत आहे आणि त्याच्यापुढे जवळजवळ सारख्या किमतीची दोन यंत्रे आहेत. पहिले पंजाबी बनावटीचे, टायरचे, कमी तास चाललेले आणि उत्तम इंजिनाचे. दुसरे चेनचे, वयाने मोठे, तासांनीही बरेच पुढे गेलेले, मात्र नुकतेच कोरे पट्टे चढवलेले. ‘चेनचे’ म्हणजे चाकांऐवजी दोन रुंद रबरी पट्ट्यांवर चालणारे यंत्र. यांपैकी कोणते घ्यावे, असा प्रश्न आहे, आणि तो पालघर तालुक्याच्या किनारी भागातील बहुतेक खरेदीदारांना लागू पडतो.

पहिल्या यंत्राचा विचार लवकर आटोपतो. पतियाळा, नाभा, भादसों या पंजाबी गावांत तयार होणारे टायरचे हार्वेस्टर गव्हाच्या सलग, सपाट शेतांसाठी घडलेले असून त्यांचा कटरबार, म्हणजे पीक कापणाऱ्या पात्यांची पट्टी, साधारण 14 फूट रुंद असतो आणि वजन सात-आठ टनांच्या घरात जाते. पाच गुंठ्यांचे खाचर म्हणजे सुमारे 500 चौरस मीटर, म्हणजेच 20 मीटर रुंद आणि 25 मीटर लांब एवढी जागा. तीत एवढे लांबरुंद यंत्र कापण्यापेक्षा वळण्यातच अधिक वेळ घालवते, आणि त्याला आत शिरण्यासाठी व वळण्यासाठी चारही कोपरे आधी विळ्याने कापून द्यावे लागतात ते वेगळेच. बांध ओलांडताना तो ढासळतो आणि शेजाऱ्याशी वाद उभा राहतो. तेव्हा इंजिन कितीही चांगले असले, तरी ज्या शेतात यंत्र शिरू शकत नाही त्या शेतापुरती त्या इंजिनाची किंमत शून्य धरावी लागते.

चेनच्या यंत्राचे बळ त्याच्या जमिनीवरील दाबात आहे. कुबोटा, यानमार यांची यंत्रे किंवा क्लासचे क्रॉप टायगर यांसारख्या पट्ट्यांच्या हार्वेस्टरपैकी मध्यम आकाराचे, सुमारे तीन टनांचे यंत्र घेतले, प्रत्येक पट्टा 45 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेली लांबी दीड मीटर धरली, तर दोन्ही पट्ट्यांचा टेकलेला भाग 13,500 चौरस सेंटिमीटर होतो आणि दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 220 ग्रॅम भार येतो. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखाली याहून अधिक दाब पडतो. उलटपक्षी, टायर जमिनीवर जो दाब देतो तो टायरमधील हवेच्या दाबाच्या आसपास असतो आणि सात-आठ टन पेलणाऱ्या टायरमध्ये तो याच्या कितीतरी पट ठेवावा लागतो. परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरअखेरही ज्या खाचरांत पाऊल रुतते, तेथे टायर का फसतो आणि चेन का तरंगत जाते, याचे उत्तर एवढ्या गणितात आहे.

मात्र ज्या पट्ट्यामुळे यंत्र चिखलात चालते, तो पट्टा आणि त्याखालील सांगाडा हाच या यंत्राचा सर्वांत खर्चिक झिजणारा भाग होय. या सांगाड्यात चार गोष्टी येतात: पट्ट्याला ओढणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, यंत्राचा भार पट्ट्यावर वाहणारे खालचे रोलर, पट्टा ताणून धरणारे आयडलर हे मोकळे चाक, आणि खुद्द पट्टा, ज्याच्या रबरात पोलादी तारा व लोखंडी तुकडे गाडलेले असतात. या चारही गोष्टी एकमेकींच्या सोबतीने झिजतात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर कोरा पट्टा चढवला तर जुना दाता पट्ट्यातील नवे लोखंड खात सुटतो. रोलर डगमगत असतील तर पट्टा एका कडेला सरकून कड कापली जाते. म्हणून विकाऊ यंत्रावर केवळ पट्टे कोरे दिसणे ही जमेची बाजू नसून चौकशीची जागा आहे. पट्टे नजरेत भरतात, रोलर आणि स्प्रॉकेट चिखलाच्या थराआड राहतात, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते.

खाजणात यात खाऱ्या पाण्याची भर पडते. मुरबे, नवापूर, दांडी या बाजूच्या खाडीलगतच्या जमिनी खारबांध घालून राखलेल्या आहेत. बांधाला खिंडार पडले किंवा उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याची व अडवण्याची झडप, नीट बसली नाही की भरतीचे पाणी आत येते आणि माती खारावते. अशा चिखलात चाललेले यंत्र त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतले नाही, तर खार रबराच्या चिरांतून पोलादी तारांपर्यंत पोहोचतो. तारा आतून गंजतात, वरचे रबर धडधाकट दिसत राहते आणि एक दिवस भर खाचरात पट्टा तुटतो. या गंजाची खूण ओळखता येते: दोन दात्यांच्या मधल्या बेचक्यात अंगठ्याने रबर दाबून चीर उघडली असता आत तांबूस ओघळ दिसला, तर पाणी तारेपर्यंत गेले आहे असे समजावे. यंत्राच्या गेल्या हंगामातील गावांची नावे विचारणे हे मीटरवरील तास वाचण्याइतकेच महत्त्वाचे ठरते ते यामुळेच. मीटर बदलता येतो, गंज बदलता येत नाही.

तपासणी यंत्र धुऊन घेतल्यावरच करावी आणि तिचा क्रम मोडू नये. प्रथम ताण देणारा बोल्ट पाहावा. पट्टा जुना असून बोल्टचे आटे संपत आले असतील तर पट्टा लांबला आहे आणि यापुढे ताणण्यास जागा उरलेली नाही. नंतर यंत्र जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळे देऊन, प्रत्येक रोलर हाताने फिरवावा व आडवा हलवून पाहावा. खरखर आवाज, आडवी ढिलाई किंवा कडेने गळलेले तेल-ग्रीस या तिन्हींचा अर्थ आतील सील गेले असून चिखल बेअरिंगपर्यंत पोहोचला आहे, असा होतो. स्प्रॉकेटचा दाता दोन्ही अंगांनी सारखा असावा. तो एका बाजूने झिजून कोयत्याच्या टोकासारखा वळला असेल तर त्याचे आयुष्य सरले. शेवटी पट्ट्यावर छापलेले आकडे, उदाहरणार्थ 450, 90 आणि 51, म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, मिलिमीटरमध्ये दोन दात्यांमधील अंतर आणि दात्यांची संख्या, उतरवून घ्यावेत आणि त्याच मापाच्या पट्ट्यांचा व मोजून काढलेल्या खराब रोलरचा लेखी भाव दुकानातून आणावा. हा कागद हातात आल्यावरच किमतीचे बोलणे सुरू करावे.

आता किमतीचा पाया. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारी आणि पाळीचे काम मिळू लागल्यापासून कापणीला माणसे मिळणे दुरापास्त झाले, आणि भाड्याच्या यंत्राला मागणी आली. परंतु मागणी असली तरी हंगामाचे दिवस वाढत नाहीत. हळवे भात, म्हणजे लवकर तयार होणारे, सप्टेंबरअखेर कापणीला येते, निमगरवे ऑक्टोबरात आणि गरवे नोव्हेंबरात. मधले दिवस परतीचा पाऊस खातो, आणि सकाळचे दव उतरेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, ओले पीक ड्रममध्ये घालणे शहाणपणाचे नसते. म्हणून हिशेबापुरते 20 दिवस आणि रोज सहा तास, असे 120 तास धरावेत. तासाचे भाडे 2,500 रुपये मानले तर उत्पन्न 3,00,000 रुपये होते. त्यातून डिझेल तासाला 800 रुपयांप्रमाणे 96,000, चालक व मदतनीस 45,000, ने-आण 20,000 आणि पट्टे-पाती-बेअरिंगची दुरुस्ती 45,000 वजा जाता 94,000 रुपये उरतात. पाच हंगामांचे 4,70,000 आणि शेवटी यंत्र मोडीत किंवा पुढच्या गिऱ्हाइकाला विकून येणारे एक लाख धरले, तर व्याज न मोजताही 5,70,000 रुपये ही वरची मर्यादा ठरते. घरच्या शेतीवर यंत्र चालले तर ते तासही भाड्याच्याच दराने धरावेत, कारण तेवढे भाडे वाचते. भाडे, डिझेल आणि पगार यांचे आकडे प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. मांडणी मात्र हीच ठेवावी.

याच मांडणीत सूर्या प्रकल्पाचा कालवा आणून ठेवला की तेच यंत्र दुसऱ्या किमतीचे होते. धामणी धरण आणि कवडास बंधारा यांच्या पाण्यावर ज्या गावांत उन्हाळी भात निघते, तेथे एप्रिल-मे महिन्यांत आणखी 60 तास मिळू शकतात. डिझेल वजा जाता त्यांचे 1,02,000 रुपये होतात, चालक व दुरुस्तीपोटी 42,000 काढले तरी वर्षाला 60,000 आणि पाच वर्षांत तीन लाख रुपये वाढतात. झीजही त्या प्रमाणात वाढेल हे खरे, पण कोरड्या शेतातील तास चेनला खाजणातील तासांपेक्षा पुष्कळ सोसतात. मात्र सूर्येचे पाणी वसई-विरारसारख्या शहरांनाही द्यावे लागत असल्याने आपल्या फाट्याला उन्हाळ्यात पाणी सुटते की नाही, हे विचारूनच ही वाढ हिशेबात धरावी. यंत्राची किंमत ते कोणत्या साली बनले यापेक्षा ते कोणत्या गावात किती तास चालणार यावर अधिक ठरते, असे येथे म्हणता येते.

वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे निघते: खाजणालगतच्या शेतीसाठी चेनचे यंत्रच पाहावे, परंतु कोऱ्या पट्ट्यांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत, रोलर व स्प्रॉकेट तपासून त्यांच्या बदलाचा संपूर्ण खर्च वरच्या मर्यादेतून वजा करावा आणि उरलेल्या रकमेच्या पुढे जाऊ नये. विक्रेता यंत्र जॅकवर उचलू देत नसेल तर सौदा तेथेच थांबवावा. चेनच्या यंत्रातून सगळे पीक ड्रममधून जात असल्याने पेंढा मोडतो आणि मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या पेंढ्याचे पैसे बुडतात, ही तक्रार काही वाचकांनी केली आहे. ती रास्त असून तिला स्वतंत्र लेखांक द्यावा लागेल. कागदपत्रे पुढच्या आठवड्यात घेतली जातील. तोवर ज्यांचा सौदा पक्का होत आला आहे त्यांनी इसार देण्यापूर्वी इंजिन क्रमांक व चासी क्रमांक यंत्रावरूनच उतरवून ठेवावेत, विक्रेत्याच्या कागदावरून नव्हे.